‘ग्रास’ शब्द आणि त्याची आडनावं: इंग्रजी विक्शनरी वापरून पाहताना

गवताचा जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, डच यांच्या भाषाकुळातला) शब्द शोधायचा तर इंग्रजी विक्शनरी या ऑनलाइन कोशाइतकी सोयीची फुकट जागा दुसरी नाही. आडनावांसाठी मात्र तिच्यावर विसंबू नये.

इंग्रजी ‘ग्रास’चं (grass, गवत) पान उघडा, व्युत्पत्तीच्या परिच्छेदात चांदणी लावलेलं ‘ग्रासं’ हे रूप दिसेल, त्यावर टिचकी मारा. चांदणी म्हणजे हे रूप कुठेही लिहिलेलं सापडत नाही, तुलनेनं मांडलेलं आहे. त्या पानावरची वंशजांची यादी हा विक्शनरीचा खरा ऐवज. जर्मन ‘ग्रास’, डच ‘ख्रास’, डॅनिश-स्वीडिश ‘ग्रेस’, यिद्दिश ‘ग्रोझ’ एकाच नजरेत येतात. गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेतलं ‘ग्रास’ तर चौथ्या शतकातल्या बायबलच्या भाषांतरात मार्कच्या शुभवर्तमानात (4:28) आहे: आधी पात, मग कणीस.

नेदरलँड्समधल्या पश्चिम फ्रिजियन भाषेतलं ‘गेर्स’ पाहून गोंधळू नका. स्वर आणि ‘र’ यांची अदलाबदल झाली आहे, आपल्या चिकटणे-चिटकणेसारखा वर्णविपर्यय. जुन्या इंग्रजीत दोन्ही रूपं होती. ऑक्सफर्डशरमधलं गार्सिंग्टन म्हणजे गवताळ टेकडी. नॉरफोकमधल्या ग्रेशम या गावनावातही गवतच आहे. ‘ग्रेशमचा नियम’ आपण अर्थशास्त्रात शिकतो ते आडनाव अशा गावनावाचं.

याउलट आपला ‘घास’ या कुळातला नाही. तो संस्कृत ‘घस्’, म्हणजे खाणे, या धातूपासून आलेला. ‘ग्रास’चं मूळ वाढणे या अर्थाचं. ध्वनिसाम्यावर जाऊ नये.

आडनावांत चूक होते ती इथेच. फ्रेंच ‘ग्रा’ आणि इटालियन ‘ग्रास्सी’ यांचं मूळ लॅटिन ‘क्रासुस’, म्हणजे जाड. जर्मन ‘ग्रास’ आडनावामागे गवत असू शकतं, तसंच रागीट या अर्थाचं मध्ययुगीन विशेषणही. ‘ग्रासर’ म्हणजे गवत कापणारा. ऋग्वेदाचा कोश करणारे हेर्मान ग्रासमान (1809–1877) संस्कृतच्या अभ्यासकांना ठाऊक आहेतच. विक्शनरीतल्या आडनावांच्या नोंदी बहुधा ओळ-दोन ओळींच्या असतात. एवढे फाटे त्यात मावत नाहीत.

शोधताना आणखी एक अडचण: पहिलं अक्षर मोठं की लहान यावर विक्शनरीत पान बदलतं. जर्मनचा जोड-‘स’ (ß) आणि दोन सुटे ‘स’ (ss) हीसुद्धा वेगळी पानं. तिन्ही-चारही लेखनं टाकून पाहा.

आडनावासाठी जर्मनीतील आडनावांचा डिजिटल कोश, म्हणजे डीएफडी, उघडावा. तोही फुकट आहे, आणि नकाशे 2005 च्या लँडलाइन नोंदींवर आधारलेले आहेत. नकाशावर ठिपके कुठे दाटले आहेत ते पाहून मगच व्युत्पत्ती निवडा. मजकूर जर्मनमध्ये आहे. ‘एमएचडी’ असं संक्षेपरूप दिसलं की मध्य उच्च जर्मन, म्हणजे मध्ययुगातली जर्मन, समजा. डच आडनावांना नेदरलँड्सच्या आडनाव-कोशात 1947 आणि 2007 चे आकडे गावनिहाय मिळतात.

शब्दासाठी विक्शनरीला पाचपैकी साडेचार, आडनावांसाठी दोन.