दांड्या बुडवून दाखवलेले 'जंतू': दारावरच्या मोफत पाणी तपासणीला भुलू नका

'मोफत पाणी तपासणी' म्हणत दारावर येणाऱ्यांची पद्धत ठरलेली असते. दोन ग्लास मागतात. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांचं आरओचं, म्हणजे क्षार काढून टाकणाऱ्या शुद्धीकरण यंत्राचं. चार दांड्यांचं यंत्र प्लगला लावून दोन्हींत बुडवतात. थोड्याच वेळात नळाचं पाणी हिरवट, मग तपकिरी होतं, वर फेस आणि तळाशी गाळ. आरओचं जसंच्या तसं. "बघा ताई, हेच जंतू तुमची मुलं पितात." घाबरलेल्या घरात मशीनचा ॲडव्हान्स तिथल्या तिथे दिला जातो.

तो गाळ पाण्यातला नसतोच. प्रत्येक ग्लासातल्या जोडीत एक दांडी लोखंडाची, एक ॲल्युमिनियमची. वीज वाहिली की लोखंड विरघळतं आणि त्याचाच गंज दिसतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते, आरओच्या पाण्यात जेमतेम. त्यांच्याच आरओ पाण्यात चिमूटभर मीठ टाकून यंत्र पुन्हा चालवायला सांगा, तेही गढूळ होईल. (यंत्र चालू असताना ग्लासाला हात लावू नका.) टीडीएस मीटरही क्षारच मोजतो, जंतू नाही.

खरे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणूनच ही फसवणूक चीड आणणारी आहे. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय कमजोर पडणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, ज्याच्या संसर्गानंतर जीबीएस होऊ शकतो. असा जीवाणू नितळ पाण्यातही असू शकतो. पाणीपुरवठा बंद असताना गळक्या जलवाहिनीत शेजारच्या गटाराचं पाणी ओढलं जातं. धोका तिथे आहे, नाहीतर सोसायटीच्या न धुतलेल्या टाकीत.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे 100 मिली पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जीवाणू) अजिबात सापडता कामा नये. हे मिनिटांत कळत नाही, जंतू वाढायला वेळ लागतो. एचटूएस बाटलीत (घरी जंतू तपासण्याची बाटली) खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवा. 24 ते 48 तासांत काळं पडलं, तर पाणी दूषित समजा. पक्क्या तपासणीसाठी प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणा. ती विसळू नका, आतलं औषध क्लोरीन मारण्यासाठी असतं. काठोकाठ भरू नका, बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. निकाल येईपर्यंत पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर तसंच उकळू द्या आणि झाकून ठेवा.