जुन्या स्पोर्ट्स कारचे फॉल्ट कोड: तार, डोंगल, स्कॅनर की गॅरेज?

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की साताऱ्यात कुणीही सांगेल, "स्कॅनिंग करून घ्या." वीस-पंचवीस वर्षं जुन्या टू-सीटरला हा सल्ला तसाच चालत नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला स्कॅनर बऱ्याचदा असल्या गाडीशी बोलतच नाही. म्हणून खिशात हात घालण्याआधी दोन गोष्टी बघा: गाडी कोणत्या सालची आणि मुळात कोणत्या देशासाठी बनलेली.

ओबीडी-2, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने दोषाचे कोड सांगायची प्रमाणित पद्धत, अमेरिकेत 1996 पासून सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना 2001 पासून, आपल्याकडे 2013 पासून. व्हिडिओ बघाल तर बहुतेक अमेरिकेतले, त्यामुळे "96 नंतरची गाडी असेल तर चिंता नाही" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. पण आपल्याकडे बाहेरून आलेल्या अशा गाड्या उजव्या स्टेअरिंगच्या, म्हणजे मुख्यतः ब्रिटन नाहीतर जपानच्या. 1998 च्या जपानी गाडीत डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असेलही, पण त्यातून ओबीडी-2 ची भाषा येईलच असं नाही. सॉकेट दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका.

गाडी माझदा एमएक्स-5 ची पहिली पिढी (1989 ते 97) किंवा नव्वदीतली टोयोटा एमआर2 असेल, तर तारेच्या तुकड्यावर काम भागतं. इंजिनच्या कप्प्यात 'डायग्नोसिस' लिहिलेली छोटी काळी डबी असते, झाकणाच्या आत टर्मिनलची नावं छापलेली. माझदात 'टेन' आणि 'जीएनडी', टोयोटात 'टीई1' आणि 'ई1' तारेने जोडायचे, इंजिन बंद ठेवून चावी ऑन करायची आणि दिव्याकडे बघत बसायचं. माझदात लांब उघडझाप म्हणजे दशक, छोटी म्हणजे एकक. एक लांब आणि पाच छोट्या झाल्या तर 15, ऑक्सिजन सेन्सर. टोयोटात तीनदा, मग थोडं थांबून एकदा, म्हणजे 31, एअर फ्लो मीटर. दोष नसला की टोयोटाचा दिवा न थांबता एका लयीत लुकलुकत राहतो. काही गाड्यांत डॅशबोर्डवर हा दिवाच नसतो, तिथे एलईडी जोडावा लागतो. खर्च जवळपास शून्य. मात्र नाव नीट वाचल्याशिवाय तार खुपसू नका. शेजारीच बॅटरीचा पॉझिटिव्ह असतो, आणि तो अर्थला लागला तर फ्यूज उडणार.

तारेची मर्यादा एकच, पण मोठी: चालत्या इंजिनात काय चाललंय ते कळत नाही.

गाडी ओबीडी-2 बोलत असेल तर ते दाखवतो ब्लूटूथ डोंगल, म्हणजे सॉकेटात लावून मोबाइलवर आकडे पाठवणारा, ईएलएम327 चिपचा. मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, ती कंपनी 2022 मध्ये बंद झाली. बाजारात मिळतात त्या बहुतेक नकला. 'व्हर्जन 1.5' असं ठळक लिहिलेला डोंगल दिसला तर समजून जा, एल्मने 1.5 कधी काढलंच नव्हतं. नकला सगळ्याच टाकाऊ नसतात. पण नव्या गाड्यांच्या कॅनवर (कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या नव्या पद्धतीच्या तारांवर) चालणारा डोंगल जुन्या के-लाइनवर, म्हणजे सॉकेटच्या 7 नंबर पिनवरच्या जुन्या पद्धतीच्या तारेवर, गप्प बसतो असं होतं. घ्यायचाच तर परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या आणि पहिल्याच दिवशी गाडीला लावून बघा. आयफोनवाल्यांनी जपून: साधा ब्लूटूथ डोंगल तिथे जोडला जात नाही, वायफायचा किंवा बीएलईचा (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचा) लागतो.

डोंगलचं खरं काम लाइव्ह डेटा दाखवणं. समजा P0171 आला, मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सर लगेच बदलायला जाऊ नका, कोड सेन्सर खराब झालाय असं म्हणत नाहीये. फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय तो आकडा, उघडा. आयडलिंगला तो अधिकमध्ये चढलेला आणि रेस केल्यावर शून्याकडे उतरत असेल, तर कुठून तरी जास्तीची हवा आत शिरतेय. फाटका व्हॅक्यूम पाइप शोधा. उलट यवतेश्वर घाट चढताना, लोड पडल्यावर तो वाढत गेला, तर पेट्रोलचा प्रेशर नाहीतर एअर फ्लो सेन्सर. आकडे बघायला शेजारी कुणाला तरी बसवा, त्या वळणांवर एका हातात मोबाइल धरून हे करायचं नसतं. गाडीत मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) असेल तर चावी ऑन, इंजिन बंद ठेवून आकडा बघा. साताऱ्यात 93 किलोपास्कलच्या आसपास, महाबळेश्वरला 86 च्या आसपास यायला हवा. पुस्तकातला 101 समुद्रसपाटीचा. त्यापायी चांगला सेन्सर काढून फेकू नका.

युरोपियन गाडी असेल तर डोंगल अर्धवटच. P0 ने सुरू होणारे कोड सगळ्यांना सारखे, P1 चे ज्या त्या कंपनीचे. पहिल्या पिढीच्या पोर्श बॉक्स्टरमध्ये P1128 म्हणजे मिश्रणाचं अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे कॉम्प्युटर त्यात करतो ती दुरुस्ती, हद्दीबाहेर गेलंय. हाच कोड फोर्डच्या यादीत शोधलात तर ऑक्सिजन सेन्सरची अदलाबदल झाल्याचं लिहिलेलं दिसेल. मोबाइल अ‍ॅप कुणाची यादी वाचून दाखवतंय ते कळलं नाही तर पैसे भलत्याच पार्टमध्ये जातात. शिवाय एबीएस, एअरबॅग डोंगलला दिसत नाहीत. अशा गाडीला कंपनीनुसार सॉफ्टवेअर घ्या. पोर्शसाठी ड्युरामेट्रिक लॅपटॉपवर चालतं. महाग पडतं, पण ही गाडी ठेवणार असाल तर पुण्याला टो करून नेण्याचे खर्च वाचून हळूहळू तो हिशेब बसतो. जुन्या बीएमडब्ल्यूत बॉनेटखाली गोल 20 पिनांचं सॉकेट असतं, त्याचा अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो.

हातात धरायचा मध्यम किमतीचा स्कॅनर मला या वापरासाठी पटत नाही. 'सर्व गाड्या' असं खोक्यावर छापलेलं असतं, यादीत 1997 चं मॉडेल शोधायला गेलं की सापडत नाही. घरात तीन-चार वेगवेगळ्या गाड्या असतील तर गोष्ट वेगळी.

गॅरेजवाल्याला मात्र कमी लेखू नका. स्कॅनरसाठी नव्हे, वायरिंगसाठी. सांगलीकडची गाडी घेत असाल तर 2019 नाहीतर 2021 च्या पुरात ती कुठे उभी होती ते विचारा. पाण्यात राहिलेल्या कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो, आणि मग रोज नवा कोड. तिथे मल्टिमीटर धरून अर्थिंग तपासणारा जुना ऑटो इलेक्ट्रिशियन कुठल्याही अ‍ॅपपेक्षा लवकर मुळाशी जातो.

तर असं करा: ओबीडी-2 न बोलणारी जुनी जपानी असेल तर तार आणि एक बरा मल्टिमीटर. ओबीडी-2 बोलणारी असेल तर डोंगल. जर्मन असेल तर थेट सॉफ्टवेअर. डोंगल घेतलंत की सॉफ्टवेअर, कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. दोष आला तेव्हाचं तापमान, आरपीएम आणि लोड त्यात असतो, आणि कोड पुसला की तोही जातो. बॅटरी काढून कोड घालवायचा विचार असेल तर आधी रेडिओचा कोड हाताशी आहे का बघा. बऱ्याच जर्मन गाड्या तो मागतात.