तृतीयपंथी ओळखपत्राची ऑनलाइन सेवा: आमचा अनुभव

माझ्याकडे शिवणकाम शिकायला येणाऱ्या एका तृतीयपंथी मैत्रिणीसोबत 2022 च्या उन्हाळ्यात, गोदाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावातून, मी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पोर्टलवर तिच्या ओळखपत्राचा अर्ज भरला. अर्जाला शुल्क नव्हते. 2019 च्या कायद्यानुसार प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. पण घरबसल्या अर्ज करता येत असल्याने, एसटीत लोकांच्या नजरा झेलत जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालणे तिला चुकले.

सेतू केंद्रातल्या मुलाने आधी शस्त्रक्रियेचा कागद मागितला. तेव्हाच्या नियमांनुसार तो कागद पुढे ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तरच लागत होता, पहिल्या प्रमाणपत्राला स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरत होते, हे नियम दाखवून सांगितल्यावर त्याने निमूटपणे अर्ज पुढे नेला. प्रतिज्ञापत्रात तिच्या नव्या नावाची वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त होऊन नवी प्रत निघेपर्यंत तिने सही केली नाही.

शरीर कोणाला न दाखवता ओळख मिळाली, हे मला तेव्हाच्या या सेवेतले सर्वांत मोलाचे वाटले, आणि त्यामागे तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्यासारख्यांचे धैर्य आहे. ठाण्यात जन्मलेल्या, भरतनाट्यम शिकलेल्या आणि 2007 मध्ये ‘अस्तित्व’ संस्था उभारणाऱ्या लक्ष्मी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘नालसा’च्या, तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या खटल्यात सामील झाल्या आणि बालपणापासून सोसलेला छळ त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला. 15 एप्रिल 2014 रोजी न्यायालयाने तृतीयपंथी ही ओळख मान्य केली आणि लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा ठरवले. पुढे किन्नर आखाडा या तृतीयपंथीयांच्या धार्मिक आखाड्याच्या रूपाने त्यांनी धरलेली वाट चळवळीतल्या अनेकांना पटली नाही, मलाही पूर्ण पटत नाही. तरी त्या साक्षीचे ऋण मी मानते.

नियमात 30 दिवसांची मुदत असताना आम्हाला सात आठवडे थांबावे लागले, हा मोठा दोष आहे. त्याहून जास्त त्रास पुढे झाला. एका बँकेच्या शाखेत ओळखपत्र उलटसुलट पाहून परत केले गेले आणि साहेब नसल्याचे कारण सांगून तिला तीनदा माघारी पाठवले. चौथ्या खेपेला आम्ही नियमांची छापील प्रत सोबत नेली, लेखी अर्ज दिला आणि पोच मागितली. आठवड्याभराने पासबुकावर तिचे नाव आले, वेलांटीसकट.