जुना डेस्कटॉप दुरुस्त करायचा, छोटा पीसी घ्यायचा की लॅपटॉप? नाशिकच्या घरासाठी वीजबिलासकट हिशेब

संगणक सारखा बंद पडतोय आणि त्याच महिन्यात वीजबिल दीड हजाराने फुगलंय, अशी दोन दुखणी एकदम आली की घरातला पहिला संशय टेबलाखालच्या जुन्या सीपीयूवर जातो. "काढून टाका तो, लॅपटॉप घ्या, बिलही उतरेल," असा सल्ला मग सगळेच देतात. त्याआधी एक साधा भागाकार करावा. सगळे आकार धरून युनिट 12 रुपयांना पडतं असं मानलं, तर दीड हजार म्हणजे 125 युनिट, रोजची चारपेक्षा थोडी जास्त. टायपिंग, इंटरनेट, मुलांचे ऑनलाइन क्लास एवढ्यासाठी चालणारा जुना डेस्कटॉप मॉनिटरसकट 90 वॉटच्या आसपास घेतो. एकट्याने एवढी युनिट जाळायची तर तो दिवसाला 46 तास चालवावा लागेल. तेव्हा बिल आणि बिघाड हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बिलाच्या धाकाने संगणक बदलू नये.

आधी बिलाचा छडा

बिलावर मागचं आणि चालू रीडिंग, दोन्हींच्या तारखा आणि रीडिंगची स्थिती पाहा. मीटरपर्यंत पोचता आलं नाही म्हणून आधीची बिलं सरासरीने आली असतील, तर सगळी थकलेली युनिट एकाच बिलात उतरतात. मागची थकबाकी किंवा अतिरिक्त सुरक्षा ठेवीची मागणी ही 'बिल वाढलं' यात धरू नका. युनिटचा आकडा वाढलाय का, तेवढंच बघा. रीडिंग मीटरशी जुळत नसेल तर मीटरचा फोटो काढून महावितरणच्या 1912 वर तक्रार नोंदवा आणि क्रमांक जपून ठेवा.

युनिट खरोखर वाढली असतील तर मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा कामाला येतो. मीटरच्या पाटीवर एका युनिटमागे किती पल्स, म्हणजे लुकलुकी, ते छापलेलं असतं, बहुतेक 1600 किंवा 3200. घरातलं सगळं बंद करून एकच उपकरण चालू ठेवा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. 3200 चं मीटर असेल तर 1125 ला त्या सेकंदांनी भागा, 1600 चं असेल तर 2250 ला. उत्तर थेट वॉटमध्ये येतं. 90 वॉटच्या डेस्कटॉपला 3200 च्या मीटरवर साडेबारा सेकंदांनी एकदा दिवा लागतो, तर दोन किलोवॅटच्या गीझरला सेकंदाला जवळजवळ दोनदा. एका लुकलुकीवर विसंबू नका. दहा मोजा आणि सरासरी काढा.

आता बोर्डातले सगळे एमसीबी (छोटे सर्किट ब्रेकर) पाडा, मेन चालू ठेवा. तरीही दिवा लुकलुकत असेल तर मीटर आणि बोर्ड यांच्यामधल्या वायरीत गळती आहे, किंवा त्या वायरीवर दुसऱ्याच कुणाचा भार आहे, किंवा शेजारच्या फ्लॅटचं न्यूट्रल तुमच्या न्यूट्रलला मिळालंय. हल्लीची मीटरं फेज आणि न्यूट्रल या दोन्हींतला करंट मोजतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात, त्यामुळे न्यूट्रलची सरमिसळ तुमच्या खिशाला लागते. हे वायरमनचं काम आहे, स्वतः हात घालू नका.

नाशिकच्या घरात डिसेंबर-जानेवारीचं बिल चढलं असेल तर पहिला संशयित गीझर. इथे थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो, टाकीतलं पाणीही गार असतं आणि गीझर सकाळभर चालू राहतो. त्याची कॉइल एक तास तापली की दोन युनिट जातात, म्हणजे डेस्कटॉपचे 22 तास. कॉइलला चीर गेली की पाण्यातून आर्थिंगकडे करंट गळतो, आणि आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो कुणाला कळत नाही.

चोवीस तास चालणाऱ्या वस्तूही एकदा मोजाव्यात. आठ वॉटचा वायफाय राउटर महिन्याला पावणेसहा युनिट घेतो. सेट टॉप बॉक्स रिमोटने 'बंद' केला तरी बऱ्याच मॉडेलांत त्याचा वापर फारसा उतरत नाही. इन्व्हर्टरची थकलेली बॅटरी सतत चार्ज होत राहते. ती हाताला कोमट लागते, पाणी लवकर आटतं आणि बिलात गुपचूप भर पडते.

संगणकाच्या तीन वाटा

| पर्याय | वापर | वेळ | महिन्याची युनिट | 12 रुपयांनी |
|---|---|---|---|---|
| जुना डेस्कटॉप, एलईडी मॉनिटर | 90 वॉट | रोज 8 तास | 21.6 | 259 |
| छोटा पीसी, तोच मॉनिटर | 35 वॉट | रोज 8 तास | 8.4 | 101 |
| लॅपटॉप, स्वतःच्या स्क्रीनवर | 20 वॉट | रोज 8 तास | 4.8 | 58 |
| ग्राफिक्स कार्डचा गेमिंग पीसी | 400 वॉट | रोज 4 तास | 48 | 576 |

आकडे ढोबळ आहेत, आपल्या यंत्राचे वरच्या रीतीने काढावेत. दर 12 का धरला, तेही सांगायला हवं. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात, आणि वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. संगणक काढला तर कमी होणारी युनिट वरच्या टोकाची असतात, म्हणून बचत मोजताना आपल्या शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा) मिळवा आणि वर 16 टक्के वीज शुल्क धरा. 12 हा मधल्या टप्प्याचा ढोबळ आकडा आहे: 100 च्या आत बिल असलेल्या घराला बचत बरीच कमी, 300 च्या पुढे गेलेल्याला बरीच जास्त.

जुन्यावरून छोट्या पीसीवर गेलात तर वर्षाला 1,900 रुपये वाचतात. तो पीसी 18,000 ला पडला तर वीज वाचवून पैसे फिटायला साडेनऊ वर्षं लागतील. नुसत्या बिलासाठी बदलणं परवडत नाही. संगणकाचं काय बिघडलंय आणि त्याचं वय किती, यावरच निर्णय घ्यावा.

जुनाच दुरुस्त करायचा असेल तर

बऱ्याच 'मेलेल्या' डेस्कटॉपमध्ये मदरबोर्ड ठणठणीत असतो. लक्षणं नीट वाचली की हजार-दोन हजारात काम भागतं.

काम करता करता एकदम रीस्टार्ट होणं किंवा पहिल्या दाबाला सुरू न होणं, यात आधी एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, तपासा. 450 वॉटचं लेबल लावलेले हलके, स्वस्त एसएमपीएस तेवढी वीज देत नाहीत आणि घेतलेल्यातली बरीच उष्णतेत घालवतात. आतले कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले की विषय संपला. डबा उघडून दुरुस्त करू नका, प्लग काढल्यानंतरही आत जीवघेणा व्होल्टेज राहतो. 80 प्लस शिक्क्याचा घ्या. हा शिक्का म्हणजे 20, 50 आणि 100 टक्के लोडवर किमान 80 टक्के कार्यक्षमता. आतल्या भागांना 60 वॉट हवे असतील तर 65 टक्क्यांचा एसएमपीएस भिंतीतून 92 ओढतो, 82 टक्क्यांचा 73. बिलात महिन्याला पंचावन्न रुपयांचाच फरक पडेल, पण मदरबोर्ड आणि डिस्क वाचतील, आणि पैसे त्यासाठीच घालायचे. ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉपमध्ये मात्र जपून: डेलच्या कित्येक ऑप्टिप्लेक्स मॉडेलांत मदरबोर्डला 24 पिनांऐवजी सहा किंवा आठ पिनांचा जोड असतो, बाजारातला साधा एसएमपीएस त्यांना बसत नाही.

दहा-पंधरा मिनिटांनी संथ होऊन बंद पडत असेल तर उष्णता. पाथर्डी फाटा, गंगापूर रोडच्या पुढची नवी बांधकामं, अंबड-सातपूरलगतच्या वसाहती इथे हीटसिंकच्या (प्रोसेसर गार ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत धुळीची अक्षरशः गादी बसते, आणि एप्रिल-मे मध्ये खोलीच 36-37 अंशांवर असते. पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी तुरीच्या डाळीएवढी लावा. जास्त लावून गारवा वाढत नाही. इंटेलच्या मूळ कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक जरी अर्धवट बसली तरी पेस्ट बदलूनही तापमान उतरत नाही, म्हणून मदरबोर्डच्या मागून चारही टोकं बाहेर आलीत का ते पाहाच.

पावसाळ्यात बीप देऊन स्क्रीन काळीच राहिली तर रॅम काढून तिची सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबरने घासा, पुसा, दाबून बसवा. घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदला. फाइल उघडायला मिनिट लागत असेल तर हार्ड डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) पाहा. रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागा, वाढत असतील तर आधी डेटा दुसरीकडे काढा, फॉरमॅट मारून तो आजार जात नाही. तिच्या जागी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकली की जुन्या यंत्राला सर्वात मोठा फरक जाणवतो.

कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, हे दुखणं मात्र यंत्राचं नसतं. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात. आर्थिंग तुटलेलं असेल तर त्यांच्यामुळे लोखंडी डब्यावर साधारण निम्मा, म्हणजे 115 व्होल्टचा भास दिसतो. मल्टिमीटर प्लगच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये धरा: दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात आर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. मार्चपासून त्यात नियमित पाणी घाला. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर लावणं आजच बंद करा. आणि व्होल्टेज मधूनच 260 च्या वर उडी मारत असेल तर इमारतीचं न्यूट्रल सैल आहे. अशा ठिकाणी नवा एसएमपीएसही जळणारच, आधी न्यूट्रल घट्ट करून घ्या.

या वाटेला एक कुंपण आहे. विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं. चौथ्या पिढीच्या आय5 वर बँकेची कामं करत असाल तर दुरुस्तीसोबत लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकायची तयारी ठेवा. टॅली किंवा श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या कामात घर अडकलं असेल, तर एवढ्या जुन्या मदरबोर्डवर पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

छोटा पीसी की लॅपटॉप

मॉनिटर, कीबोर्ड चांगले असतील आणि संगणक एकाच जागी राहणार असेल तर छोटा पीसी घ्या. यात दोन जाती आहेत. इंटेल एन100 सारख्या प्रोसेसरचा नवा मिनी पीसी कामाविना सात-दहा वॉटवर बसतो. लिखाण, हिशेब, व्हिडिओ बघणं त्याला झेपतं, जड एडिटिंग झेपत नाही. दुसरी जात म्हणजे ऑफिसांतून निघालेले, दुरुस्त करून पुन्हा विकले जाणारे रिफर्बिश्ड 'टायनी' किंवा 'मायक्रो' डेस्कटॉप. यांना लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर असतो, रॅम आणि एसएसडी सहज बदलता येते. आठव्या पिढीचा आय5 मिळाला तर सर्वसाधारण नाशिककर घराला आम्ही हाच सुचवू.

लॅपटॉप वीज सर्वात कमी घेतो आणि बॅटरी असल्याने वेगळा यूपीएस लागत नाही. दुरुस्तीत तो महाग: स्क्रीन, बिजागरी, कीबोर्ड यांतलं काहीही गेलं की खर्च मोठा, आणि बऱ्याच नव्या मॉडेलांत रॅम बोर्डवरच डाखलेली असते. कॉलेजला किंवा गावी न्यायचा असेल तरच घ्या. दिवसभर चार्जरवर राहणार असेल तर चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर लावा, नाहीतर बॅटरी लवकर थकते.

दोन्ही डेस्कटॉपना वीज गेल्यावरची सोय लागते. 600 व्हीएच्या यूपीएसमध्ये 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी असते. 90 वॉटला ती नवी असताना पंधरा-वीस मिनिटं पुरते, छोट्या पीसीला त्याच्या दुपटीहून जास्त. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर टाका. एसएमपीएस साधारण 16 मिलिसेकंद तग धरतो आणि दुसऱ्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून उशिरा उचलतो, म्हणून संगणक रीस्टार्ट होतो. चौकोनी वेव्हचा जुना इन्व्हर्टर आणि ॲक्टिव्ह पीएफसीचा (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या सर्किटचा) नवा एसएमपीएस यांचं कित्येकदा जमत नाही. खरेदीपूर्वी जोडून पाहा.

रिफर्बिश्ड घेताना एम. जी. रोड असो की कॅनडा कॉर्नर, दुकानातच वीस मिनिटं व्हिडिओ चालवून पंख्याचा आवाज ऐका, बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची पिढी आणि टीपीएम तपासा, बायोसला पासवर्ड नाही याची खात्री करा, एसएसडीचे चाललेले तास बघा. अडॅप्टर त्याच कंपनीचा आणि लिहिलेल्या वॉटचा हवा. कमी वॉटचा लावला तर काही मॉडेलं मुद्दाम वेग उतरवतात. पावतीवर जीएसटी क्रमांक, यंत्राचा सिरीयल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. जुना डेस्कटॉप भंगारात देण्याआधी त्याची डिस्क काढून आपल्याजवळ ठेवा.