डीएस३२३१ चिपवालं, घरी बनवलेलं एलईडी घड्याळ, ७ महिने वापरून (आणि त्या सेलबद्दल)

गेल्या आठवड्यात आमच्या यूपीएसची बॅटरी झोपली आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. दहा मिनिटांनी आली, तर घड्याळ दाखवतंय ४:३७. बाहेर मिट्ट काळोख. अरे, सेल कशाला बसवलाय मग? लाइट गेली तरी वेळ चालू राहावी म्हणूनच आरटीसी मॉड्यूल (वेळ मोजणारी चिप आणि सेल असलेला छोटा बोर्ड) घेतो ना आपण, नाहीतर नुसत्या नॅनोवर (घड्याळ चालवणारा छोटा अर्डुइनो बोर्ड) पण वेळ मोजता आली असती, रोज चुकीची.

मी लगेच ठरवून टाकलं की मॉड्यूल डुप्लिकेट आहे. विक्रेत्याशी तीन दिवस मेसेजवर हुज्जत, त्याचं एकच, सोल्डर केलेला माल परत घेत नाही. शेवटी चडफडत दुसरं मॉड्यूल मागवलं (एका घड्याळाला दोन आरटीसी, जिवावर आलं होतं), जोडलं, चालू केलं. ४:३७!

तेव्हा ट्यूब पेटली. मॉड्यूल किंवा सेल मेला असता तर वेळ ००:०० पासून सुरू झाली असती, सन २००० ची १ जानेवारी. हे ४:३७ कुठून येतंय? तर ७ महिन्यांपूर्वी एका रविवारी दुपारी ४:३७ ला मी प्रोग्रॅम कंपाइल केला होता (नॅनोत टाकण्यासाठी तयार केला होता). कंपाइलची वेळ आरटीसीत टाकणारी ओळ फक्त आरटीसीचीच पॉवर, म्हणजे सेलसुद्धा, गेली असेल तरच चालावी अशी अट लायब्ररीच्या (आरटीसीसाठीच्या तयार कोडच्या) उदाहरणात असते, ती मीच "आधी चालू तर होऊ दे" म्हणून उडवली होती. म्हणजे प्रत्येक रीसेटला, नॅनो नव्याने सुरू झाला की, मीच वेळ मागे नेत होतो. विक्रेत्याला सॉरी म्हटलं, त्याने नुसता अंगठा पाठवला.

पण थांबा, मॉड्यूल निर्दोष सुटलेलं नाहीये. या भानगडीत जुनं मॉड्यूल काढलं तर सेल मधोमध फुगलेला, नखाने दाबला तर डुगडुगत होता. कारण त्या निळ्या बोर्डावर चार्जिंगचं सर्किट दिलंय, एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर, बस. आपण घालतो सीआर२०३२, जो चार्ज करायचाच नसतो, आणि हे त्याला ५ व्होल्टवरून २४ तास ढोसत राहतं. बरं, चार्ज होणारा एलआयआर२०३२ घातला तरी त्याची मर्यादा ४.२ व्होल्ट, आणि डायोडनंतर जवळपास ४.४ पर्यंत जातं, म्हणजे तोही सुखात नाही. एवढी सुंदर चिप, आणि तिच्या शेजारी हे! ठळक अक्षरात कुठे लिहिलंय? नाही. नवीन मॉड्यूलवरचा तो रेझिस्टर मी सोल्डरिंग गनने पहिल्याच दिवशी उडवला, दोन सेकंदांचं काम आहे. तुम्ही बाकी काही करू नका पण हे करा. घड्याळ बंद ठेवूनच करा.

चिपबद्दल मात्र बोलायला जागा नाही. आधीच्या घड्याळात डीएस१३०७ होती, रोज दीडदोन सेकंद सरकायची, महिन्याला मिनिटभर. हिच्यात क्रिस्टल (वेळेचे ठोके देणारा स्फटिक) आतच आणि तापमानानुसार ती स्वतःला सावरते. सुरुवातीला फोनपेक्षा ८ सेकंद मागे, लाइट गेली त्याच्या आदल्या दिवशी ३ सेकंद पुढे, म्हणजे ७ महिन्यांत ११ सेकंद. भिंतीवरची काट्यांची घड्याळं पण मी आता हिच्यावरून लावतो.

डिस्प्ले मॅक्स७२१९ (एलईडी चालवणारी चिप) वाला. ब्राइटनेसच्या १६ पायऱ्या आहेत, पण सगळ्यात खालच्या पायरीवरही रात्री छत लाल व्हायचं, आई म्हणाली, "घड्याळ लावलंयस की धोक्याचा दिवा?" एलईडींचा करंट ठरवणारा १० के (किलोओहम) चा रेझिस्टर काढून ४७ के चा टाकला, आता झोप लागते. दिवसा थोडं फिकं दिसतं, चालतंय.

अट परत घातली, रीसेट करून बघितलं, वेळ टिकते. फक्त कंपाइल होऊन अपलोड होईपर्यंत जो वेळ जातो त्यामुळे घड्याळ पुन्हा ८ सेकंद मागे आहे, आणि वेळ सेट करायचं बटण द्यायला मी विसरलोय. डबा ग्लूगनने बंद केलाय. राहू दे, वर्षाच्या आत ते आपोआप बरोबर येईल असं दिसतंय.