अँपिअर उतरले, युनिट नाही: 21,450 रुपये गेले ते असे

आकडा आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोणी खोदून विचारायला नको. बिल उतरवतो म्हणून दारावर विकलेला, सॉकेटमध्ये खोचायचा घरचा 'वीज बचत' डबा 3,800. शेतातल्या पंपाचा थ्री फेज डबा 9,600. घरातल्या तिघांची 'क्वांटम' आरोग्य तपासणी, माणशी 200 प्रमाणे 600. त्या तपासणीत निघालेल्या 'दोषां'वर चुंबकाचा पट्टा आणि पावडरचे तीन डबे मिळून 7,450. बेरीज 21,450. गावाचा हिशेब वेगळा: घरचे 31 आणि पंपाचे 9 डबे, म्हणजे 2,04,200 रुपये. यात तपासणी आणि पावडर धरलेलीच नाही.

लाजेची गोष्ट अशी की पॉवर फॅक्टर (तारेतल्या करंटपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा) म्हणजे काय हे मला कळतं. कपॅसिटर जोडण्यात अर्धं आयुष्य गेलं. 'अडाण्यासारखा फसला' असं पाठीमागे म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की अडाणी माणसानं सरळ विचारलं असतं, बिल किती रुपयांनी उतरेल ते लिहून देता का? मी विचारलं नाही, कारण डबा विकायला आलेल्या पोरांच्या तोंडून 'रिअ‍ॅक्टिव्ह करंट' ऐकला आणि समोरचा आपल्याच धंद्यातला वाटला.

खेळ सगळ्यांना माहीत आहे: आधी शिबिर, मग घरोघर, शेवटी 'ऑफर आजचीच'. त्यामुळे त्यात शिरत नाही. सांगायचं आहे ते त्या फळ्याबद्दल.

एप्रिल, पारा 44 वर, घरोघरी कूलर रात्रंदिवस सुरू. अशा वेळी प्लायवूडचा एक फळा घेऊन दोन पोरं ओसरीत आली. फळ्यावर अर्धा एचपीची सिंगल फेज मोटर, एक एमसीबी, अँपिअर दाखवणारा डिजिटल मीटर आणि एक सॉकेट. मोटर सुरू केली, आकडा 2.4. सॉकेटमध्ये डबा खोचला, आकडा 0.95. "पाहा सर, साठ टक्के वाचली."

ते दोन्ही आकडे खरे होते. हातचलाखी काहीच नव्हती, आणि जास्त चीड त्याचीच येते.

मोटर रिकामी फिरत होती. शाफ्टवर ना पंप, ना पट्टा. रिकाम्या इंडक्शन मोटरचा पॉवर फॅक्टर घसरून 0.35 च्या आसपास येतो. 230 व्होल्ट गुणिले 2.4 अँपिअर गुणिले 0.35, म्हणजे 193 वॉट. मोटर खात होती तेवढंच. बाकीचा, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह, करंट चुंबकक्षेत्र उभं करायला जातो आणि दर आवर्तनात परत येतो. त्याचं काम डब्यातला कपॅसिटर जागच्या जागी भागवतो, म्हणून तारेतला करंट उतरतो. डबा लावल्यावर 230 गुणिले 0.95 गुणिले 0.88, म्हणजे पुन्हा 193 वॉटच्या आसपास. एका वॉटचीही बचत नाही. घरचं मीटर वॉट मोजतं आणि त्याचे तास लावून युनिट काढतं. बिल युनिटचं येतं, अँपिअरचं येत नाही. पॉवर फॅक्टरचा परिणाम बिलात दिसतो तो कारखान्यासारख्या मोठ्या जोडणीला, आणि तिथं पॅनेलमध्ये कपॅसिटर बँक बसवतात, प्लगमध्ये खोचायचा डबा कोणी लावत नाही.

हे सगळं मी शिकाऊ पोरांना शिकवलेलं आहे. आणि त्या दिवशी मान हलवून म्हटलं, "बरोबर आहे, अँपिअर उतरले."

माझं मीटर त्याच ओसरीत होतं. फळ्यापासून चार फुटांवर. त्यावरचा लाल दिवा टिमटिमत होता. नुसती मान वळवायची होती. घड्याळ हातात होतं. तेवढं केलं असतं तर दहा मिनिटांत दोघांना दाराबाहेर काढलं असतं. रात्री झोप लागत नाही ती या चार फुटांपायी.

काय करायला हवं होतं ते नीट वाचा. मीटरवर एका युनिटला किती पल्स, म्हणजे दिव्याच्या टिमटिमी, ते छापलेलं असतं. माझ्यावर 3200 आहे, मीटरनुसार आकडा वेगळा असतो. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त ती एक वस्तू सुरू ठेवा. दिव्याच्या दहा टिमटिमींना किती सेकंद लागले ते मोजा. 3200 चं मीटर असेल तर 11,250 ला त्या सेकंदांनी भागा, उत्तर वॉटमध्ये येतं. 193 वॉटला साधारण 58 सेकंद लागतात. मग डबा लावा आणि परत मोजा. मी हे तीन आठवडे उशिरा केलं. एकटा कूलर: डब्याशिवाय 61 सेकंद, डब्यासकट 61 सेकंद. मीटरचं सील मात्र चुकूनही हलवू नका, बाहेरूनच पाहायचं.

मार्चचं बिल 146 युनिट होतं, डबा लावल्यावर एप्रिलचं 263. फोन केला तर विकणारा म्हणाला, "सर, डबा नसता तर साडेतीनशे आले असते." नसत्या बिलाशी तुलना कोण पडताळणार? त्याच्या फायलीत 'आधी-नंतर'ची बिलं होती, तीही अशीच असणार: आधीचं मे महिन्याचं, नंतरचं जानेवारीचं. कोणी बिल दाखवलं तर महिना बघा, आणि ते किती दिवसांचं आहे तेही बघा.

मग डबा फोडला. वजन 640 ग्रॅम, म्हणून हातात घेतल्यावर काहीतरी भारी वाटतं. त्यातलं बहुतेक वजन वाळू मिसळलेल्या काळ्या डांबराचं. आत 4.7 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, चार डायोड, एक रेझिस्टर आणि दोन एलईडी. फळ्यावर जो परिणाम दिसला त्याला 25 मायक्रोफॅरडच्या आसपास लागतो, म्हणजे दाखवायचा डबा एक आणि विकायचा दुसरा. 4.7 चा कपॅसिटर 230 व्होल्टवर जेमतेम 0.34 अँपिअर फिरवतो. खोट्यातही मापात पाप! वर कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवणारा डिस्चार्ज रेझिस्टर नाही. डबा सॉकेटमधून काढल्यावर पिनांना बोट लागलं तर झटका बसतो. लहान लेकरांच्या घरात हा डबा कोणाकडे असेल तर आजच काढा, पिनांना हात न लावता. चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर असेल तर आणखी वाईट, त्यावर कपॅसिटर तापतो आणि फुगतो.

डब्यावर आयएसआयचा छाप होता, त्याच्या खाली सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, क्रमांक नव्हता. खरा छाप क्रमांकाशिवाय नसतो, आणि क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की परवाना कोणाचा ते निघतं. 'आयएसओ 9001' लिहिलं होतं. ते कारखान्याच्या कारभाराचं प्रमाणपत्र आहे, वस्तूचं नाही. पाच तारेही चिकटवलेले. तारे फ्रिजला, पंख्याला, एसीला मिळतात, अशा डब्याला नाही.

पंपाचा डबा का घेतला, हे सगळेच विचारतात. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल 2024 पासून माफ आहे, मग बचत कशाची करायची होती? मला बिल वाचवायचं नव्हतंच. पंपाला कपॅसिटर लावा, रोहित्र जळणार नाही, व्होल्टेज टिकेल, असं वीजवालेच वर्षानुवर्षं सांगत आले आहेत आणि ते खरंही आहे. 3 एचपीला 1 केव्हीएआर (कपॅसिटरच्या ताकदीचं माप), 5 एचपीला 2, साडेसातला 3. पोरांनी नेमकं हेच बोलून दाखवलं, आणि तिथंच मी पुरता वाकलो. 9,600 च्या त्या पेटीत निघाले पंख्याचे 2.5 मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर, कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारे. 415 व्होल्टवर डेल्टात (दर दोन फेजांमध्ये एक) जोडले तर जेमतेम 0.4 केव्हीएआर. माझा पंप 5 एचपीचा. शिवाय ते पंख्यासाठीचे, थ्री फेजचे नाहीत. रात्री लोड उतरल्यावर फीडरचं व्होल्टेज चढतं तेव्हा ते फुटतात. दोघांच्या पेट्या फुटल्या, एकाच्या स्टार्टरची आतली वायर जळाली. पंपाला कपॅसिटर हवा असेल तर केव्हीएआर लिहिलेला, 440 व्होल्ट थ्री फेजचा, पक्क्या बिलावर घ्या आणि स्टार्टरच्या पलीकडे मोटरच्या बाजूला जोडा, म्हणजे मोटरसोबत तोही बंद होतो.

आता ती तपासणी. याबद्दल मला जास्त बोलायला नको, पण घरात माझ्याकडे ज्या नजरेनं पाहतात ती याच 7,450 वरून.

तीच टोळी, दुसरी गाडी. गावच्या सभागृहात शिबिर. हातात धातूची कांडी, लॅपटॉपला जोडलेला एक डबा, मिनिटभरात 38 पानी रिपोर्ट. 'क्वांटम मॅग्नेटिक रेझोनन्स', एमआरआयचाच लहान भाऊ म्हणे. खऱ्या एमआरआयचं चुंबक साधारण 1.5 टेस्लाचं असतं. ते उणे 269 अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवावं लागतं, आणि त्या क्षेत्रात शरीरातल्या हायड्रोजनचा संकेत 64 मेगाहर्ट्झच्या आसपास मिळतो. इथं यूएसबीवर चालणारा डबा, 5 व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट. कांडीतून फार तर तळहाताच्या घामाची विद्युतवाहकता कळेल.

नंतर आम्ही गावातले 23 रिपोर्ट गोळा करून शेजारी-शेजारी मांडले. एका काटकुळ्या माणसाचं वजन 58 ऐवजी 85 टाईप झालं होतं, तर रिपोर्टात 'लठ्ठपणा, यकृतात चरबी'. एका पुरुषाच्या नावापुढं चुकून 'स्त्री' पडलं, तर त्याच्या गर्भाशयाची अवस्था 'मध्यम बिघाड'. म्हणजे कांडी दाखवायपुरती, यंत्र आपलं नाव, वय, उंची, वजन वाचत होतं. हे त्याच दिवशी सभागृहात कोणाला दिसलं असतं, पण जो-तो आपलाच रिपोर्ट छातीशी धरून घरी गेला.

पैसे गेले ते गेले. शेजारच्या काकूंना यंत्रानं 'साखर नॉर्मल' सांगितलं आणि पावडर देणाऱ्यानं गोळी थांबवायला लावली. अकरा दिवसांनी उपकेंद्रात बोट टोचून पाहिलं तर 312. उपाशीपोटी 126 किंवा त्याच्या वर दोनदा आली की मधुमेह धरतात. 312 म्हणजे काय ते ज्यांच्या घरी शुगर आहे त्यांना सांगावं लागत नाही. एका पोराला 'सिकल नाही' असं लेखी दिलं. आपल्या विदर्भात, जिथं सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरात ऐकू येतो, तिथं हे! सिकलसाठी आधी रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी, आणि ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताचीच पक्की चाचणी. थेंबभर रक्त न घेता कोणी सिकल सांगत असेल तर कागद घेऊच नका. लग्न जमवताना हा कागद कोणी पुढं केला तर काय होईल, विचार करा.

आता सरकारी पायऱ्या. ठाण्यात पहिला प्रश्न, "पावती आहे का?" डब्यांची नाही, रोख दिले. "मग काय पुरावा?" फोटो दाखवले. "ही दिवाणी बाब आहे." मी म्हटलं, खोटं सांगून पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मधली फसवणूक आहे. त्यावर साहेब हसून म्हणाले, "तुमच्यासारखा शिकलेला माणूस फसते, तं आम्ही काय करावं?" या वाक्याला उत्तर नव्हतं आणि त्यांना ते माहीत होतं. अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्यांदा गेलो तर अर्जच सापडेना.

वीज कार्यालयात म्हणाले, "मीटरच्या अलीकडलं आमचं, पलीकडलं तुमचं." वर दम, की डबा मीटरजवळ जोडला असेल तर वीज कायद्याच्या कलम 135 खाली वीजचोरीची केस तुमच्यावरच बसू शकते. म्हणजे विकणारा मोकळा आणि आम्ही चोर! 31 घरांत एकच कंपू डबे विकून गेला, त्याची एक सूचना फलकावर लावा म्हटलं, तर "वरून पत्र आलं पाहिजे".

आरोग्याच्या कार्यालयानं सांगितलं की त्यांच्याकडे औषधाची तक्रार येते, यंत्राची नाही. औषधवाल्या कार्यालयानं सांगितलं की पावडर 'अन्न' आहे, औषध नाही. अन्नवाला टेबलावर नव्हता. जिल्ह्याला जाऊन येऊन एसटीचे 280, तीन खेपा, 840. ते वरच्या 21,450 मध्ये धरलेले नाहीत. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणंच 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात गुन्हा आहे. पावडरच्या डब्यावर ते छापलेलं आहे आणि तो डबा टेबलावर ठेवलेला होता. कोणी उचलूनही पाहिला नाही.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. 7,450 तेवढे यूपीआयनं गेले होते, पण 19 दिवस उलटून गेलेले. आमच्यासारखं करू नका, शंका आली की त्याच तासाला लावा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधीच तो अडवता येतो.

आणि आमची पंचायत. सभागृहाचं भाडं 500 घेतलं आणि पावती फाडली. अख्ख्या प्रकरणात नाव-गाव असलेला एवढाच कागद, आणि त्यावरचं नाव खोटं. आधारची झेरॉक्स घ्यावी असं कोणाला सुचलं नाही. 'आरोग्य शिबिर' म्हटल्यावर डॉक्टर कोण, त्याचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारायला काय लागतं?

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर विचारलं तर अर्ज कसा करायचा ते सांगतात. यूपीआयची नोंद असलेले 14 जण सापडले आहेत. आणखी कोणाकडे असेल तर स्क्रीनशॉट घ्या, त्यात व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक आणि तारीख दिसली पाहिजे. डबा फोडला नसेल तर फोडू नका, सीलबंद तसाच राहू द्या. माझा फोडल्यामुळे पुरावा म्हणून कमी कामाचा झाला. रिपोर्टाची 38 च्या 38 पानं आणा, नुसतं पहिलं नको. सोमवारपर्यंत द्या, मंगळवारच्या सकाळच्या एसटीनं अर्ज जाणार आहे.