वंध्यत्वावरील उपचारांच्या काळातला एक आधारवर्ग

वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या स्त्रियांसाठी चालणाऱ्या एका ऑनलाइन आधारवर्गाचे सत्र मी अलीकडेच पूर्ण केले. दर आठवड्याला एक बैठक, एक प्रशिक्षित समुपदेशक, एक ध्यानमार्गदर्शक आणि मोजक्या स्त्रिया असे त्याचे स्वरूप आहे. उपचारांच्या ओढाताणीत ज्यांची श्रद्धाही डळमळली आहे, अशा स्त्रियांनी तो अवश्य करावा; मात्र त्यात एक गंभीर दोष आहे, तो आधी ठाऊक असावा.

वर्गाचे खरे मोल श्रद्धेविषयीच्या बैठकींत आहे, कारण तिथे देवावर रागावण्याची मुभा आहे. ‘या दुःखात देव माझ्यासोबत आहे’ आणि ‘देव मला शिक्षा करतो आहे’ ही दोन वाक्ये समुपदेशकांनी आमच्यासमोर ठेवली आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा यांतले कोणते मनात येते, एवढेच विचारले. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी श्रद्धेच्या आधार देणाऱ्या आणि मन पोखरणाऱ्या रूपांत जो फरक केला आहे, तो या एका प्रश्नाने आम्हाला कळला. तपासणी निगेटिव्ह आली की मागण्यासारखे काही उरत नाही, म्हणून आपण प्रार्थनेला बसतच नाही, असे एकीने सांगितले. त्यावर उपदेश न करता, ‘काही न मागता नुसते बसता येईल का?’ असे समुपदेशकांनी विचारले. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही आणि ती शांतता मोडण्याची घाईही कोणी केली नाही.

भ्रूणरोपणानंतर, म्हणजे प्रयोगशाळेत तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतर, गर्भ राहिला की नाही हे सांगणाऱ्या रक्ततपासणीपर्यंतचे दिवस फार जड जातात. त्यांच्यासाठी दिलेली श्वसनाची ध्वनिमुद्रणे छोटी आहेत आणि त्यांत बाळाची कल्पना करायला कुठेही सांगितलेले नाही, हा विचार मला फार मोलाचा वाटला. जोडीदारांसाठीची एकमेव बैठक मात्र वरवरची झाली.

आता दोष. ‘मन शांत झाले की गर्भ राहतोच’ असे ध्यानमार्गदर्शकांनी एका बैठकीत ठामपणे सांगितले. हे चूक तर आहेच, शिवाय क्रूरही आहे, कारण गर्भ राहिला नाही तर दोष आपोआप त्या स्त्रीच्या मनावर येतो. मानसशास्त्रज्ञ जॅकी बोइव्हिन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 14 अभ्यासांतील 3,583 स्त्रियांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा उपचारांपूर्वीचा मानसिक ताण आणि उपचारांच्या त्या फेरीत गर्भधारणा होणे किंवा न होणे यांत संबंध आढळला नाही. ध्यान करायचे ते त्या दिवसांत माणसाला तग धरता यावा म्हणून, आणि तेवढे कारण पुरेसे आहे. मी लेखी तक्रार केल्यावर समुपदेशकांनी पुढच्या बैठकीत स्पष्ट खुलासा केला. पण त्या बैठकीचे ध्वनिमुद्रण तसेच ठेवलेले आहे. ते काढून टाकायला हवे.

निगेटिव्ह निकालानंतर लगेच समुपदेशकांशी एकटीला बोलता येईल अशी सोय सध्या नाही. पुढच्या बैठकीची वाट पाहावी लागते. ज्यांची रक्ततपासणी वर्गाच्या काळातच येणार आहे, त्यांनी त्या दिवसांपुरता दुसरा समुपदेशक आधीच ठरवून ठेवावा.